तिकडून इकडचं भाडं

तारीख सत्तावीस एप्रिल, म्हणजे इथल्या राजाचा वाढदिवस. रक्कम पाच युरो. हजर चौघं: मी, माझी बायको, आमच्या गल्लीत कोपऱ्याच्या घरात राहणारे एक वृद्ध डच गृहस्थ आणि त्यांची भाची. विकत घेतलेली वस्तू एक, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

राजाच्या वाढदिवशी इथे कोणीही दारासमोर चादर अंथरून घरातलं नको असलेलं सामान विकू शकतो. परवाना लागत नाही. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या नीउ-व्हेनेप गावातल्या आमच्या गल्लीत एरवी वर्षभर माणसं एकमेकांना पाहून हात वर करतात आणि पुढे जातात. त्या एका सकाळी ती थांबून बोलतात, तेही बहुतेक भाव करण्यापुरतं. भाचीने सात सांगितले. बायको तीन म्हणाली.

"तीन युरोत आजकाल नुसतं झाकणही येत नाही," भाची म्हणाली.

"मला झाकणच हवंय. घट्ट बसणारं झाकण या देशात मिळत नाही."

पाचावर ठरलं. वृद्ध गृहस्थ शेजारी खुर्चीत बसले होते. त्यांचं तोंड आमच्याकडे नव्हतं, जरा बाजूला, कुंपणाकडे होतं. मला वाटलं, त्यांना आमच्यात रस नाही.

झाकण खरंच घट्ट होतं. मे महिन्यात सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी येणार होत्या, आणि त्या आल्या की चकल्या-लाडवांना घरातले डबे पुरत नाहीत. धुण्यासाठी डबा रिकामा केला तर वर बिस्किटं कापायचे साचे, त्याखाली डब्याच्या मापाने कापलेला पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याखाली फितीने बांधलेली पत्रं. सव्वीस होती. कागद पातळ, शाई तपकिरी झालेली, तारखा सगळ्या अठराशे ऐंशीच्या पुढच्यामागच्या.

"आपण डबा घेतला," मी म्हणालो. "पत्रं घेतली नाहीत."

"मग देऊन ये," बायको म्हणाली. "नाहीतर रात्रभर कूस बदलत बसशील."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. आजोबांनी, आम्ही घरात त्यांना आजोबाच म्हणायचो, दार उघडलं आणि माझ्या उजव्या कानाकडे पाहत उभे राहिले. मी कोण ते सांगितलं.

"कान ओळखीचा वाटतोय," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं. समोर बघायचं तर बाजूला बघावं लागतं. लोकांना वाटतं मी उद्धट आहे. तसा मी आहेच, पण त्याचं कारण हे नाही."

मी पत्रं त्यांच्या हातात दिली. त्यांनी फीत चाचपली आणि खाली बसले. डबा माळ्यावर आहे असंच ते समजत होते. भाची घर आवरत होती, कारण ऑक्टोबरमध्ये त्यांना वृद्धाश्रमात जायचं होतं, आणि तिथे एकच खोली. तिने साचे पाहिले, पुठ्ठ्याखाली पाहिलं नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं. हा सगळा भाग पूर्वी सरोवर होता. पाणी उपसून जमीन काढली, तेव्हा जी कुटुंबं इथे शेती करायला आली त्यांत त्यांचे पणजोबा होते. पणजोबांचा थोरला मुलगा विशीत अमेरिकेला गेला, मिशिगनमध्ये, आधी लाकूडतोडीवर आणि मग एका शेतावर. बाप इथून त्याला लिहीत राहिला. तेरा वर्षांनी मुलगा तिकडेच तापाने गेला. लग्न झालेलं नव्हतं. त्याची पेटी बोटीने परत आली आणि पेटीत बापाचीच पत्रं होती. बाप तेव्हा जिवंत होता. त्याने ती फितीने बांधली आणि ठेवून दिली.

"घरात सगळे सांगायचे, त्याने मुलाला एकदाही परत ये म्हणून लिहिलं नाही. माझा बाप हे अभिमानाने सांगायचा. आपल्या घरात मुलांना परत बोलवायची पद्धत नाही, म्हणायचा." आजोबांनी पत्रं मांडीवर ठेवली. "बूरमन, माझा मुलगा तेवीस वर्षं न्यूझीलंडमध्ये आहे. मीही कधी म्हणालो नाही."

बूरमन म्हणजे शेजारी. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

ऑक्टोबरपासून हे घर दुसऱ्याचं होणार होतं. त्याआधी मुलाने एकदा यावं, या टेबलाशी बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते तोंडातून निघत नव्हतं. भाचीला मागे एकदा त्यातलं एक पत्र वाचायला देऊन पाहिलं होतं, डबा दाखवला नव्हता. तिला अक्षर लागलं नाही आणि वेळही नव्हता.

"पणजोबाने बोलावलं असेल," ते म्हणाले, "तर मीही बोलावू शकतो. नसेल, तर नाही. तू मला वाचून दाखव."

मी म्हणालो, माझं डच परीक्षेपुरतं आहे. तेही जेमतेम पास झालेलं.

"तुला दिसतं. मला कळतं. आणखी काय लागतं?"

बायको रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. मंगळवारी आणि गुरुवारी तिला घरी यायला उशीर होतो. मुलगी युट्रेख्टला शिकायला गेली तेव्हापासून त्या दोन संध्याकाळी मी एकटा जेवतो, भांडी घासतो आणि खिडकीपाशी बसून राहतो. अकरा वर्षं या घरात राहतो आहे. समोरच्या घरात कोण राहतं हे त्यांच्या कचऱ्याच्या डब्यांवरून ओळखतो, चेहऱ्यांवरून नाही. तक्रार करत नाही, जे आहे ते लिहितो आहे. त्यामुळे मंगळवार आणि गुरुवार ठरले.

अक्षर लागायला दोन आठवडे गेले. पहिल्याच आठवड्यात पत्रांचे फोटो काढून ठेवले, मग दोन-तीन पत्रं घरी नेऊन पेन्सिलने एकेक शब्द वहीत उतरवत सराव करायचो. मी एका मालवाहतुकीच्या कंपनीत हिशेब तपासतो. दुसऱ्याचं अक्षर लावणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. एका रविवारी मुलगी आली होती, तिला वाटलं ती झटक्यात वाचेल. दोन ओळी वाचून तिने कागद खाली ठेवला.

"बाबा, धिस इज नॉट डच."

"सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं आहे."

"देन आस्क समवन हंड्रेड इयर्स ओल्ड." आणि ती सायकल घेऊन स्टेशनला गेली.

मी मोठ्याने वाचायचो, अर्धं कळून, अर्धं न कळता. आजोबा डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच शब्द दुरुस्त करायचे. कधी हसायचे.

"काय झालं?"

"तुझ्या उच्चारांनी माझ्या पणजोबाला तू बेल्जियन करून टाकलंस. असू दे. पुढे."

पत्रांत विशेष काही नसायचं. पंप बिघडला, शेतात पाणी आलं. शेजाऱ्याचा घोडा मेला. धाकट्याला ताप आहे, इथे सगळ्यांनाच येतो. चर्चमध्ये बाकांच्या भाड्यावरून भांडण झालं. तुझी आई विचारते, तिकडे लोकरीचे मोजे मिळतात का. सही करण्याआधी प्रत्येक पत्राच्या शेवटी एक परिच्छेद नुसत्या आकड्यांचा: गहू, लोणी, बटाटे, गाय. पहिल्या संध्याकाळी मी तो वाचायला घेतला, तसे आजोबा म्हणाले, "भाव सोड. मी चाळीस वर्षं बटाटे विकलेत. मला मेलेले भाव ऐकवू नकोस."

मग मी भाव सोडू लागलो. घरी सराव करतानाही भावांपर्यंत आलो की थांबायचो. आकडे न वाचता सोडायला मला जड जात होतं. पण ऐकणारे ते होते.

रविवारी सकाळी माझे वडील कराडहून फोन करतात. आई गेल्यापासून आप्पा एकटेच राहतात. चार वर्षं झाली. आमचं बोलणं ठरलेलं असतं. कोयनेत पाणी किती, उपाशीपोटी साखर किती, गॅस सिलिंडर कितीला, आणि शेवटी, "विमानाचं कसं काय आहे सध्या? केवढ्याला पडतं?" मी आकडा सांगतो. ते "बापरे" म्हणतात, आणि आम्ही फोन ठेवतो. आप्पा जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते. आकडे विचारणं त्यांच्या अंगात आहे, माझ्याही आहे. मी त्यात कधी काही शोधलं नाही.

जूनच्या मध्यापर्यंत अठरा पत्रं झाली. कुठेही "ये" नव्हतं. आजोबा म्हणायचे, "अजून आईचं पत्र यायचंय."

ते कोणतं, हे बाहेरूनच ओळखू येत होतं. सव्विसातलं एकच पाकीट काळ्या काठाचं होतं. इथे मृत्यू कळवायचा असेल तर आजही काळ्या किंवा करड्या काठाचं पाकीट पाठवतात. पाहणाऱ्याला उघडण्याआधीच कळतं. पेटी परत आली तेव्हा त्या पाकिटाला ओल लागली होती. आतली दोन पानं एकमेकांना चिकटली होती. आई गेल्याचं बापाने मुलाला कळवलं ते हे पत्र. आजोबांची खात्री होती, की बोलावलं असेल तर इथेच बोलावलं असेल. बायको गेल्यावर कोणताही माणूस बोलावतो, ते म्हणाले. त्यांची पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. त्यांनी स्वतः बोलावलं होतं का, ते मी विचारलं नाही.

पानं सुटण्यासाठी मी ते पत्र घरी नेलं. वाफ देऊन पाहिली, घाबरून थांबलो. मग बैठकीच्या खोलीतल्या रेडिएटरवर स्वच्छ रुमाल घालून त्यावर पाकीट आणि पानं ठेवली. उन्हाळ्यात रेडिएटर बंदच असतो. दोन दिवस हवेवर राहिलं की पातळ सुरीने पानं सोडवायची, असं ठरवलं. फोटो काढायचा राहिला होता, कारण बाहेरून काढण्यासारखं काही नव्हतंच.

सासूबाई तेव्हा आल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी पाकिटाकडे बोट केलं.

"हे काळं काय हो?"

"आजोबांच्या घरातलं जुनं पत्र आहे. कोणी गेल्याचं कळवलंय. इथे तसं पाकीट असतं."

"वाचलंत?"

"अजून नाही."

"पण गेल्याचं कळलंय ना सगळ्यांना?"

"ते कळून शंभराहून जास्त वर्षं झाली, आई."

"हं," त्या म्हणाल्या, आणि शेंगा सोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मी कामावर गेलो. संध्याकाळी आलो तर रेडिएटरवर रुमाल घडी करून ठेवलेला.

"आई, इथलं पत्र?"

"फाडलं आणि टाकलं. सकाळीच. बाहेर त्या निळ्या झाकणाच्या डब्यात. कागद तिकडेच टाकायचे ना?" त्यांचा आवाज अगदी साधा होता, काम उरकल्याचा. "गेल्याचं पत्र घरात ठेवत नाहीत हो. वाचायचं, फाडायचं आणि उंबऱ्याबाहेर टाकायचं. तुमच्याकडेही असंच असेल की."

आमच्याकडेही असंच होतं. लहानपणी कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं की आई ते हातातही घेऊ द्यायची नाही. आप्पा दारातच उभं राहून वाचायचे आणि तिथेच फाडायचे. मला हे माहीत होतं. सासूबाईंना माहीत असणारच, हे मला सुचायला हवं होतं, पण इथे आल्यापासून असल्या गोष्टी मला सुचेनाशा झाल्या आहेत.

मी बाहेर गेलो. निळ्या झाकणाच्या डब्यातला कागद चार आठवड्यांनी एकदा नेतात. त्या दिवशीच नेला होता. डबा रिकामा होता. आतल्या भिंतीला एक जाहिरातीचा कागद चिकटला होता, तोही काढून पाहिला.

परत आल्यावर मी सासूबाईंना काय झालं ते सांगितलं. त्या ऐकताऐकताच उठल्या. साडी बदलली, बेसनाचे चार लाडू वाटीत घेतले.

"चला. मी केलंय, मी सांगते."

"त्यांना मराठी येत नाही."

"तुम्हाला त्यांची भाषा येते ना? तुम्ही सांगा मी काय म्हणते ते."

आजोबांच्या टेबलाशी त्या ताठ बसल्या आणि मराठीत बोलल्या, मी डचमध्ये सांगत गेलो. माझ्या भावाचं कार्ड आलं तेव्हा मी स्वतः फाडलं, त्या म्हणाल्या. ठेवलं तर मागोमाग दुसरं येतं. तुमच्या घरात तसं येऊ नये म्हणूनच केलं, वाईट हेतू नव्हता.

आजोबांनी ऐकून घेतलं. "माझ्या ड्रॉवरमध्ये अशी चाळीस-पन्नास पाकिटं आहेत," ते म्हणाले. "सगळी जपून ठेवलेली. आता कळलं, माझ्या ओळखीचे इतके जण का मेले."

मी हे मराठीत सांगितलं. सासूबाई हसल्या नाहीत. आजोबाही हसले नव्हते. त्यांनी लाडू घेतला, धरून ठेवला, खाल्ला नाही. मग मला म्हणाले, "आज वाचन नको." दाराशी सोडायलाही आले नाहीत, आणि त्यांची तशी पद्धत नव्हती.

पुढचा मंगळवार गेला, गुरुवारही गेला. त्यांनी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. संध्याकाळी दहापर्यंत उजेड असतो. तो खिडकीतून आत येत राहतो आणि त्याला कंटाळून पडदा ओढायचा म्हटलं तर शेजारी विचारतात, बरं नाही का. मी खिडकीपाशी बसून कोपऱ्यावरचं घर पाहायचो. भाचीची गाडी यायची, खोकी भरून जायची. एकदा घड्याळ गेलं, एकदा शिवणयंत्र.

उरलेली पत्रं आजोबांकडे होती, माझ्याकडे पंचवीसही पत्रांचे फोटो होते, कारण पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांचे काढून ठेवले होते, त्या चिकटलेल्या एकाचे सोडून. दुसऱ्या मंगळवारी करायला काही नव्हतं म्हणून मी तेच केलं जे मला येतं. सोडलेले भाव वाचायला घेतले. तक्ता आखला. आडवी वर्षं, उभे गहू, लोणी, बटाटे, गाय. निदान एवढं पूर्ण होईल, असं वाटलं.

पहिल्या तीन पत्रांत चारच भाव होते. चौथ्या पत्रात गायीच्या खाली आणखी एक ओळ होती. न्यूयॉर्कहून रॉटरडॅमपर्यंत बोटीचं भाडं, सगळ्यात स्वस्त तळातला वर्ग, इतके गिल्डर, म्हणजे तेव्हाचं इथलं चलन. मला वाटलं, चुकून आलं असेल. पाचव्यात पुन्हा होतं. सहाव्यातही. तिकडून इकडचं भाडं, एकदा दोन गिल्डरनी वाढलेलं, एकदा उतरलेलं, बटाट्यांच्या आणि गायीच्या खाली, त्याच शाईत, त्याच सुरात. मी तक्त्यात पाचवी ओळ आखली. ती शेवटच्या पत्रापर्यंत कुठेही रिकामी राहिली नाही.

आई गेल्याच्या पत्रानंतरचं जे पत्र आहे, त्यात भाड्याच्या आकड्यापुढे आणखी लिहिलं आहे: एजंट म्हणतो, हे भाडं इथूनही भरता येतं. त्याच्या पुढच्या पत्रात: विचारून आलो. माणसाच्या नावावर भरून ठेवतात. वर्षभर चालतं.

मी तक्ता घेतला आणि न बोलावता गेलो. आजोबा काळोख नसतानाही दिवा लावून बसले होते. मी टेबलावर कागद ठेवला आणि ओळीने वाचलं. वर्ष, बटाटे, गाय, भाडं. वर्ष, बटाटे, गाय, भाडं. यावेळी त्यांनी एकही शब्द दुरुस्त केला नाही.

"शेवटचं पुन्हा वाच."

"विचारून आलो. माणसाच्या नावावर भरून ठेवतात. वर्षभर चालतं."

"पैसे होते त्याच्याकडे?"

"त्याच पत्रात एक गाय विकल्याचं आहे. गायीचे पैसे भाड्यापेक्षा थोडे जास्त आले."

 त्यांचे हात टेबलावर होते, ते एकदा उघडले, मिटले.

"गाय मेली म्हणून नाही विकली?"

"नाही. दुभती होती. पुढच्या पत्रात लिहिलंय, घरचं लोणी कमी निघतंय."

"म्हणजे बोलावलं होतं." त्यांनी मान माझ्याकडे वळवली, म्हणजे माझ्यापासून दूर. "दर पत्रात बोलावलं होतं. आणि मी तुला सांगितलं, भाव सोड." थोड्या वेळाने म्हणाले, "त्या पोरानेही तेच केलं असेल. तरुण होता, दिवसभर लाकडं तोडून यायचा. भावांपर्यंत आला की घडी घालून ठेवत असेल."

 मुलाने काय केलं, हे कोणत्याच कागदात नव्हतं. त्याची इकडे आलेली पत्रं कोणी ठेवली नाहीत.

"सोमवारी ये," आजोबा म्हणाले. "कागद घेऊन ये. चांगला."

मधे रविवार आला. आप्पांचा फोन आला. कोयना, साखर, सिलिंडर. मग म्हणाले, "विमानाचं कसं काय? केवढ्याला पडतं?"

आकडा माझ्यासमोर होता. दर शनिवारी मी तो पाहून ठेवतो, कारण ते विचारतात. मी तो सांगितला नाही.

"आप्पा, मी येऊ का?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "का? काय झालं? नोकरी ठीक आहे ना?"

"काही झालं नाही. तुम्हाला भेटायला येऊ का, विचारतोय."

"रजा आहेत का शिल्लक?"

"आहेत."

"मग ये की." जरा थांबून म्हणाले, "पण दिवाळीत येऊ नकोस. दिवाळीत महाग असतं. नोव्हेंबरअखेर ये, तेव्हा उतरतं. मी बघत असतो पेपरात." मग नेहमीपेक्षा लवकर फोन ठेवला.

मी फोन हातात घेऊन उभा राहिलो. अकरा वर्षांचे रविवार मोजायला घेतले होते, पण मोजले नाहीत.

सोमवारी रजा टाकून सकाळीच आजोबांकडे गेलो. मी विचारलं, मुलाशी दर आठवड्याला व्हिडिओवर बोलता, तिथेच का नाही सांगत?

"तिथे तो समोर असतो. विचारलं की त्याला लगेच उत्तर द्यावं लागणार, आणि नाही म्हणायचं असेल तर चेहरा सांभाळत म्हणावं लागणार. मला चेहरा दिसत नाही, पण त्याला ते लक्षात राहत नाही. पत्र आलं तर तो आधी विचार करेल. चार दिवस घेईल."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. घर इतक्याला गेलं. वृद्धाश्रमाची खोली इतके मीटर बाय इतके मीटर. डोळ्यांच्या इंजेक्शनचा उपयोग नाही. शेजारच्या गल्लीत नवी झाडं लावताहेत, खड्डे आधीच खणून ठेवलेत. भाचीने माळा रिकामा केला. दीड पान झालं. मग म्हणाले, "आता खाली लिही, ऑकलंडहून अ‍ॅमस्टरडॅमचं भाडं सध्या…"

मी पेन उचललं.

"काय झालं?"

"हे मी लिहिणार नाही," मी म्हणालो. "तुम्ही त्याला बोलावताय. तसं सांगा."

"बूरमन, लिहायला तुला बोलावलंय. विचार करायला नाही."

"तो भावांपर्यंत आला की घडी घालेल."

ते रागावले. त्यांचे कान लाल झाले, ते मला समोरून दिसले. दाराबाहेर महापालिकेचा ट्रक मागे घेत होते, त्याचा तो टी-टी आवाज चालू होता, तो थांबेपर्यंत ते थांबले.

"ते कसं लिहितात?" ते म्हणाले. "मला खरंच माहीत नाही. कोणी लिहिलेलं मी पाहिलेलं नाही."

मी म्हणालो, मलाही माहीत नाही. काल मी वडिलांना विचारलं ते उलट बाजूने होतं.

 मग त्यांनी एकच वाक्य सांगितलं, आणि त्यांनी जसं सांगितलं तसंच मी ते लिहिलं: घर एक ऑक्टोबरपर्यंत माझं आहे, त्याआधी ये, मला तू इथे हवा आहेस. त्याच्या खाली त्यांनी स्वतः सही केली. मी त्यांचं बोट ओळीवर नेलं. सही तिरकी आली, कागदाच्या बाहेर गेली, आणि त्यांनी ती दुसऱ्यांदा करायला नकार दिला.

टपालाचं काउंटर आमच्याकडे सुपरमार्केटच्या आत, फुलांच्या बादल्यांजवळ आहे. ते माझा हात धरून चालत आले. रांगेत दोघं होते. काउंटरवरच्या मुलीने पाकीट तराजूवर ठेवलं, न्यूझीलंडला पोचायला किती दिवस लागतील ते विचारल्यावर तिने खांदे उडवले. मी कार्ड काढलं. आजोबांनी माझा हात मागे केला, खिशातून नाणी काढली आणि कडा अंगठ्याने चाचपून एकेक काउंटरवर ठेवली. एक जास्त ठेवलं होतं, ते तिने परत दिलं.

टपालखर्च तीन युरो ऐंशी सेंट. रोख. आजोबांनी दिले, त्या मुलीला.